रस्त्यातला मांडव

माझ्या जावेला लोक शिव्या देत आणि मला एकही देत नसत. या एका कारणाने माझ्या पोटात चांगलं वर्षभर दुखत होतं.

बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय असं कोणी म्हणायच्या आत सगळं नीट सांगते.

बस चालवायचा एक कॉम्प्युटर गेम असतो. तुम्ही ड्रायव्हर. स्टॉपवर थांबायचं, दार उघडायचं, प्रवासी चढले की निघायचं. मूळ गेममधल्या गाड्या आणि रस्ते परदेशातले, चकचकीत, एकही कुत्रं आडवं न येणारे. त्यामुळे आपल्याकडची हौशी माणसं घरी बसून आपल्या बस आणि आपले रस्ते तयार करतात आणि त्या गेममध्ये घालतात. त्याला मॉड म्हणतात. बनवणारा तो मॉड सगळ्यांना फुकट देतो. कोणीतरी वापरतं, खाली दोन ओळी लिहितं, तेवढीच त्याची कमाई.

आमच्या घरात असे हौशी जीव दोन निघाले, मी आणि माझी धाकटी जाऊ. गेम आणला होता नवऱ्यांनी. ते दोघे भाऊ चार दिवस खेळले आणि कंटाळून क्रिकेटकडे वळले. आम्ही दोघी मात्र त्यात अडकलो ते अडकलोच. ती बस बनवायची, मी रस्ता बनवायचे.

तिच्या वडिलांचं द्रोणागिरीकडे रेडियमचं दुकान. कंटेनर आणि ट्रकवर नावं, नंबर, देवांची चित्रं कापून चिकटवायची. ती त्या दुकानातच मोठी झाली. बसच्या कपाळावरच्या पाटीचं अक्षर ती डोळे मिटून काढील. तिच्या बसमध्ये मागच्या चाकावरचा पत्रा गंजलेला असायचा, सीटच्या रेक्झिनला कोपऱ्यात फाटलेलं असायचं, आणि त्या फाटक्या जागेत कोणीतरी तिकिटाची गुंडाळी खुपसलेली असायची. हे मी तिचं कौतुक करत नाहीये. जे होतं ते सांगतेय.

माझं वेगळं. माझे वडील साताऱ्याकडून येऊन इथल्या बाजारात माथाडी झाले, मी कोपरखैरण्यात वाढले, ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि पावण्याच्या एका वर्कशॉपमध्ये मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढते. लग्न करून तळवलीत आले. तळवलीतून निघून घणसोली, कोपरखैरणे करत पावण्याच्या कारखान्यांपर्यंतचा जो माझा रोजचा रस्ता, तोच मी गेममध्ये बनवला. गावदेवीचं देऊळ, मच्छी विकणाऱ्या बायकांची पत्र्याची शेड, गटाराची उचललेली झाकणं, कारखान्याच्या गेटसमोरची टपरी. कुठे रस्ता खचलाय आणि पाणी कुठे साचतं तेसुद्धा. ऑफिसातून आल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी बसून बसून मी तो उभा केला. आमच्या ह्यांनी तर एकदा विचारलं, खरा रस्ता दुरुस्त होईल की तुझा आधी पूर्ण होईल? माझा आधी झाला.

बस आणि रस्ता एकत्रच बाहेर गेले, जावेच्या खात्यावरून. तिचं खातं जुनं होतं, मला कटकट नको होती. तिने माहितीत लिहिलं, 'बस माझी. रस्ता ताईचा.' लोकांनी पहिले दोन शब्द वाचले आणि पुढे वाचायचं सोडून दिलं.

मग काय, जिकडे तिकडे तिची बस. कोणी तिचे व्हिडिओ टाकतंय, कोणी म्हणतंय हा आवाज ऐकून शाळेचे दिवस आठवले. माझ्याच रस्त्यावरून ती बस चालायची, माझ्याच खड्ड्यात आपटायची, आणि लोक म्हणायचे, काय भारी सस्पेन्शन बनवलंय. अहो, खड्डा कोणी बनवला?

तिला सगळे 'भाऊ' म्हणत. बस बनवणारी बाई असेल हे कोणाच्या स्वप्नातही आलं नाही, आणि तीही शहाणी, ते तसंच राहू दिलं तिने. मराठीत ही एक पंचाईत आहे. नाव लपवता येतं, फोटो लपवता येतो, पण 'करतो' की 'करते' ते लिहावंच लागतं. ती 'करतो' लिहायची. 'बघतो भावा', 'पुढच्या आठवड्यात टाकतो'. घरात पदर खोचून कोळंबी सोलणारी ही बाई तिथे मिशीवाल्या मेकॅनिकच्या थाटात बोलायची. मला हसू यायचं आणि हेवाही वाटायचा.

कौतुक ओसरलं आणि मागण्या सुरू झाल्या. भाऊ लिंक चालत नाही. भाऊ वायपर उलटा फिरतो. मोबाइलवर कधी येणार? आमच्या डेपोची गाडी का नाही बनवली, आम्ही माणसं नाही का? एकाने सकाळी एसी बस मागितली आणि दुपारी विचारलं, झोपलास का? एकाने लिहिलं, दोन दिवसांत अपडेट आलं नाही तर सगळ्यांना सांगेन की तू फालतू आहेस. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, यातलं प्रकरण. पै न देता घेतलेल्या वस्तूवर माणूस किती हक्काने खेकसतो, ते मी तिथे पाहिलं.

त्यात एक जण फार चिवट होता. त्याच्या खात्यावर फोटो फक्त टायरचा. तो रोज यायचा. कधी हॉर्नवरून, कधी आरशावरून, पण हजेरी चुकायची नाही. 'ए, आरसा नीट कर', 'ए, सांगितलं होतं ना'. त्याला भाऊ म्हणायचीही गरज वाटायची नाही.

जाऊ सकाळी चहा घेताना फोन पुढे करून म्हणायची, "ताई, बघा ना, काय काय लिहितात. वैताग आनलाय नुसता." अंगठी घट्ट झाल्याची तक्रार करणाऱ्या बाईचा जो सूर असतो, तोच तिचा. मी वरवर म्हणायचे, लक्ष नको देऊ गं. आत नुसता जळफळाट. हिच्या आरशासाठी एक अनोळखी माणूस रोज उठून भांडायला येतो. माझ्या देवळाच्या पायऱ्या चार आहेत की पाच, याच्याशी कोणाला काही देणंघेणं नाही. रस्ता वाईट आहे असंही कोणी म्हणत नव्हतं. माझा रस्ता म्हणजे नुसतं काहीतरी खाली अंथरलेलं.

सासूबाई घणसोलीच्या मार्केटात मच्छी विकतात. त्यांना आम्ही दोघींनी एकदा हा सगळा प्रकार समजावून सांगितला. त्यांनी पानाला चुना लावत ऐकून घेतलं आणि जावेला म्हणाल्या, "म्हावरा फुकट दिलास ना गो? आता कापून दे, तलून दे, काटं काढून दे, असापन सांगनार ते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आनि तुझा म्हावरा कुनी हातपन नाय लावला वाटतं?" सासूबाईंच्या जिभेला हाड नाही. मी उठून आत गेले.

आता मांडवाबद्दल सांगायला हवं.

माझ्या लग्नात मांडव नव्हता. सून दुसऱ्या जातीतली, साताऱ्याकडची, घरात रुसवेफुगवे चालू होते, म्हणून रजिस्टर लग्न झालं. हळद लागली ती कोपरखैरण्याच्या आमच्या एका खोलीत, स्टीलच्या वाटीतली. पुढे सगळं गोड झालं. मला या घरात कोणी कधी वावगं बोललं नाही. पण काही वर्षांनी दिराचं लग्न निघालं, मुलगी जातीतली, उरणकडची, म्हणजे हीच माझी जाऊ, आणि तेव्हा तळवलीने काय केलं ते मी माडीवरून पाहिलं. दिराच्या हळदीला अर्धा रस्ता अडवून मांडव घातला. पिवळं-लाल कापड, झिरमिळ्या, लायटिंगच्या माळा, कपाटाएवढे स्पीकर. सगळ्या बायका एकसारख्या साड्यांत नाचत होत्या. संध्याकाळच्या बसला रस्ता उरला नाही. ड्रायव्हर हॉर्न न वाजवता थांबला. गावातलाच होता तो, दुसरं काय करणार? मग अंगाअंगाने, मांडवाच्या बांबूला न लावता, त्याने बस काढली, आणि खिडकीतल्या बायकासुद्धा टाळ्या वाजवत गेल्या. मी माडीवर उभी होते. पाहुण्यांच्या चहाचे कप माझ्या हातात होते.

म्हणून गेममधल्या माझ्या रस्त्यावर, आमच्या घरासमोर, मी तो मांडव घातला. तोच. तीच माळ, तोच रंग. तिथे आलं की बस दुसऱ्या गिअरमध्ये घेऊन कडेकडेने काढावी लागते. कारण विचाराल तर सरळ आहे. मला तो मांडव हवा होता, मिळाला नव्हता, आणि आता मला तो बांधता येत होता. जावेने पहिल्यांदा बस तिथून नेली तेव्हा ती थोडा वेळ थांबली. "लायटिंग सेम आहे," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, असेल.

मला खरं तर एकच हवं होतं. हा रस्ता माझा आहे, हा मांडव माझा आहे, असं कोणीतरी तोंडाने म्हणावं. शिवी देऊन म्हटलं तरी चालेल.

एका रविवारी दुपारी जाऊ बोंबलाचं कालवण करत होती. एका हातात डाव, दुसऱ्या हातात फोन. टायरवाल्याने पुन्हा दाराच्या आवाजावरून तगादा लावला होता. तिने वैतागून उत्तर दिलं, 'उद्या टाकते.' कालवण उतरवून फोन बघते तो चिखल झालेला. टाकतोचं टाकते झालं होतं. एका काना-मात्रेने भाऊ मेला आणि बाई जन्माला आली.

पुढचं सांगायला मला लाज वाटते, लिहिणाऱ्यांना वाटली नाही. अरे ही तर बाई निघाली. आधी भाजीत मीठ टाक, मग बस टाक. फोटो टाक. नवऱ्याने बनवलं असणार, ही नुसती नाव लावते. काल जे भाऊ भाऊ करत होते तेच हे. याहून घाण जे होतं ते मी इथे लिहीत नाही. जाऊ रडली नाही. फोन पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. सगळ्या वेड्यावाकड्या झाल्या.

मला वाईट वाटलं. मनापासून वाटलं. आणि तरी त्या वाईट वाटण्याच्या खाली ते जुनं पोटातलं दुखणं होतंच. 'नवऱ्याने बनवलं असणार' असं तिला निदान लोक म्हणाले तरी. माझ्या नवऱ्यावर तर कोणाचा साधा संशयही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, "ताई, मी सगळं काढून टाकते. बस पन, सगळं."

"मग माझा रस्ता?" मी विचारलं. रस्ता तिच्याच खात्यावर होता.

"तुमी दुसरीकडं टाका ना."

"टाकून काय करू? रस्त्याला कोण विचारतं? इतक्या दिवसांत एक तरी कमेंट आली का कोणाची?"

ती ओट्यावरचं फडकं उगाच पिळत बसली. मग म्हणाली, "आलेल्या."

"काय?"

"आलेल्या, ताई. रोज एक-दोन तरी असायच्या. मांडव काढ म्हनून. रस्त्यात मांडव कोन घालतं, रस्ता बनवनाऱ्या ताईला अक्कल हाय का, असं काय काय. तुमाला वाईट वाटेल म्हनून मी सकाळी उठून उडवायचे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिने माझं भलं चिंतलं होतं हे मला कळत होतं, आणि त्याने संताप जास्तच वाढला. म्हणजे लोक माझ्या रस्त्यावर येत होते. मांडवापाशी अडकत होते, चिडत होते, माझ्या नावाने बोटं मोडत होते. ताई म्हणत होते मला! आणि माझ्या वाट्याच्या शिव्यासुद्धा हिनेच खाल्ल्या. मी तिला म्हटलं, तुला स्वतःच्या कमी पडत होत्या का? तिला वाटलं मी थट्टा करतेय. माझा चेहरा बघून कळलं, ही थट्टा नाही.

त्यानंतर काही दिवस आमचं बोलणं मीठ दे आणि गॅस बंद कर एवढंच राहिलं. तिने म्हटल्याप्रमाणे बस काढून टाकली. तिच्याबरोबर माझा रस्ताही गेला.

आठवडा झाला नसेल, दोन्ही परत आले. कोण कुठल्या एकाने आपल्याकडची जुनी फाइल स्वतःच्या खात्यावर चढवली होती. वर लिहिलं होतं, बस आणि रस्ता दोन्ही माझी मेहनत, कृपया चोरू नका. आयत्या बिळावर नागोबा तो हाच. आणि खाली कौतुकाचा पाऊस. भावा, तू देव आहेस. भावा, आता रस्ता मस्त झाला, तो फालतू मांडव काढलास ते बरं केलंस.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी तो रस्ता चालवून बघितला. पावण्याहून निघाले, टपरी होती, मच्छीची शेड होती, देऊळ होतं. सगळं माझंच. तळवलीत शिरले आणि सवयीने दुसरा गिअर टाकला. समोर मोकळं डांबर. बांबूचं भोकसुद्धा ठेवलं नव्हतं त्याने. आमचं घर बाजूने निघून गेलं, गेट गेलं, माडी गेली. बस एकदाही हळू करावी लागली नाही. मी गेम बंद केला. माझा मांडव दुसऱ्यांदा हुकला होता.

त्याच दिवशी मी स्वतःचं खातं उघडलं आणि मूळ रस्ता चढवला, मांडवासकट. माहितीत काय लिहायचं यावर बराच वेळ गेला. 'हा रस्ता मी बनवला आहे' असं लिहिलं. मग लक्षात आलं, या वाक्यात मी बाई की पुरुष ते कळतच नाही. रस्ता पुल्लिंगी, क्रियापद त्याच्यामागे. मला तिथेच थांबता आलं असतं. जावेचं काय झालं ते मी पाहिलं होतं. तरी खाली लिहिलं, 'मांडव काढणार नाही. पुढचा भाग करते आहे.' 'करते' पुन्हा एकदा वाचलं आणि पाठवून दिलं.

काहीच झालं नाही. कोणी आलं नाही, चांगलं बोललं नाही, वाईटही बोललं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी डबा बाजूला सारून फोन बघायचे. वर्कशॉपमधल्या बाईने विचारलं, घरी कोणी आजारी आहे का? मी म्हटलं, नाही, सगळे ठणठणीत आहेत. माझ्या डोळ्यांसमोर जावेचा सकाळचा चहा यायचा, तो पुढे केलेला फोन, तो वैतागाचा सूर. तेवढा एक सूर मला काढायचा होता.

पुढच्या रविवारी एक जण आला. आम्ही दोघी ओट्याशी होतो, ती कोळंबी सोलत होती, मी खोबरं वाटत होते. फोन वाजला. 'ए बाई, मांडव काढ. बस अडकते.'

मी मिक्सर बंद केला. पुन्हा वाचलं. बाई म्हणालाय, मांडव म्हणालाय, बस अडकते म्हणालाय. इतका आनंद मला पहिल्या पगारालाही झाला नव्हता. मी जावेशी अबोला धरलाय हे विसरले आणि फोन तिच्यासमोर धरला. "बघ, बघ तरी काय काय लिहितात," मी म्हटलं. सूर अगदी जमला होता.

तिने हात पदराला पुसले, फोन घेतला, वाचलं. शेजारचा टायरचा फोटो बघितला. मग म्हणाली, "हा माझा हाय."

माझं डोकं सणकलं. "तुझा कसा? मांडव माझा आहे. मी बांधलाय तो."

"मांडव तुमचाच ओ, ताई. तुमचाच हाय," ती म्हणाली, त्यात काय विचारायचं अशा सुरात. "मी या मानसाचं बोलते. हा टायरवाला. हा रोज माझ्याकडं यायचा."

तिने ते पुन्हा वाचलं, ओठ हलवत. "मला कदी बाई पन नाय म्हनला. नुसतं ए," ती हळूच म्हणाली. "आनि तुमाला बस अडकते म्हनून कारन पन सांगितलं."

फोन ती परत देईना. कोळंबीचं पाणी ओट्यावरून खाली ठिबकत होतं, तिचं लक्ष नव्हतं. मी तिच्या बोटांतून फोन ओढून घेतला आणि पदराला पुसला. आता तो टायरवाला माझ्याकडे येतो.